बाळाला न पचणारी साखर

धागा 🧵

आईच्या दुधातील घन पदार्थांत पहिला क्रमांक दुग्धशर्करेचा, म्हणजे लॅक्टोजचा. दुसरा स्निग्धांशाचा. तिसरा क्रमांक मात्र अशा साखरांचा आहे, ज्या बाळाला पचतच नाहीत. एका लिटरमध्ये साधारण ५ ते १५ ग्रॅम, आणि दोनशेच्या आसपास प्रकार. गाईच्या दुधात त्या जवळजवळ नसतात. नुकत्याच बाळंत झालेल्या शरीराने इतकी शक्ती खर्चून, बाळाच्या उपयोगी न पडणारी वस्तू का घडवावी?

या प्रश्नाचा इतिहास आज पाहू. वाटेत म्यूनिक, पॅरिस, हायडेलबर्ग लागेल, आणि आपले परळही.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात आईच्या दुधाविना वाढणारे मूल जगेलच याची शाश्वती नव्हती. अनाथालयांतील बालमृत्यूंचे आकडे आजही वाचवत नाहीत. १८६५ मध्ये यूस्टुस फॉन लीबिग या त्या काळच्या दिग्गज जर्मन रसायनज्ञाने गाईचे दूध, गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या जवाचे पीठ आणि थोडा क्षार यांचे मिश्रण सुचवले. पोषणद्रव्यांचे प्रमाण आईच्या दुधाशी जुळले की काम झाले, असा त्यांचा विश्वास होता. १८६७ मध्ये पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ देपोल यांनी ते चार नवजात अर्भकांना दिले. काही दिवसांतच चौघेही दगावले. फ्रेंच वैद्यक अकादमीत त्यावर मोठे वादंग झाले.

लीबिग यांच्या मांडणीत एक गोष्ट मुळातच नव्हती: आतड्यातील जिवाणू. त्यात त्यांचा दोष नाही. ते शास्त्र अजून जन्मायचे होते.

१८८५-८६ मध्ये म्यूनिकमध्ये टेओडोर एशरिश या तरुण बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शौचातील जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. विषय ऐकून नाक मुरडू नका. याच कामातून तो जिवाणू सापडला, ज्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले: एशेरिशिया कोलाय, म्हणजे आपला परिचित ई. कोलाय. हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला जिवाणू विपुल आढळला. त्यावरूनच ‘बायफिडस’ हे नाव पडले. बाटलीवर वाढणाऱ्या बाळांत जिवाणूंची वस्ती निराळी दिसत होती. म्हणजे आईच्या दुधात असे काहीतरी होते, जे या एका जिवाणूला पोसत होते.

ते ‘काहीतरी’ शोधणाऱ्या दोन माणसांची कथा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

पॉल ग्यॉर्जी हे हंगेरीत जन्मलेले ज्यू बालरोगतज्ज्ञ. रिचर्ड कून हे रसायनज्ञ. दोघांनी हायडेलबर्गमध्ये ब-२ जीवनसत्त्वावर एकत्र काम केले होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ग्यॉर्जींना देश सोडावा लागला. आधी केंब्रिज, मग अमेरिका. कून मागे राहिले आणि राजवटीशी जुळवून घेत गेले. ऑटो मायरहोफ यांच्या संस्थेत तीन ज्यू व्यक्ती काम करत असल्याचे त्यांनी १९३६ मध्ये वरिष्ठांना कळवले. १९३८ चे नोबेल पारितोषिक राजवटीच्या दडपणामुळे त्यांना नाकारावे लागले, हे खरे. पण १९४४ मध्ये सोमान हा भयंकर विषारी वायू त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्माला आला, हेही तितकेच खरे.

युद्ध संपले. ग्यॉर्जी अमेरिकेत बायफिडस जिवाणूला वाढवणाऱ्या घटकाचा शोध घेत होते आणि त्याची रासायनिक रचना उलगडायला त्यांना साथ मिळाली ती कून यांचीच. १९५० च्या दशकात या दोन्ही गटांनी दुधातील एकेक साखर वेगळी केली. दोघांमध्ये जुन्या दिवसांविषयी काही बोलणे झाले असेल का? शोधनिबंधांत अशा गोष्टी येत नाहीत. जर्मन रसायनज्ञांच्या संघटनेने कून यांच्या नावाचे पदक देणे २००५ मध्ये थांबवले.

या साखरांपैकी अनेक मातांच्या दुधात सर्वाधिक आढळणारी म्हणजे २′-फ्युकोसिललॅक्टोज. नाव लांबलचक, रचना सोपी: दुग्धशर्करेला फ्युकोज नावाच्या लहान साखरेचा एक मणी जोडलेला. आता परळला येऊ.

१९५२ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच ‘बॉम्बे रक्तगट’. त्या निबंधाच्या लेखकांत लंडनचे वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हेही होते. रक्तगट म्हणजे पेशींवरील साखरांची नक्षी, हे उलगडणारे हेच दोघे. ए आणि बी या गटांचा पाया असलेली ‘एच’ खूण फ्युकोजच्या त्याच मण्याने पुरी होते. बॉम्बे गटात तो मणी ना रक्तात जोडला जातो, ना लाळेत.

पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अकिरा कोबाता यांनी दुवा जुळवला: ज्या स्त्रियांच्या लाळेत ही खूण नसते, त्यांच्या दुधात २′-फ्युकोसिललॅक्टोजही नसते. लाळेत आणि दुधात मणी ओवणारे विकर एकच. युरोपीय वंशाच्या सुमारे २० टक्के स्त्रियांत ते निष्क्रिय असते, आणि बॉम्बे गटाच्या मातांतही. त्यांची मुले वाढतात, हेही नोंदवून ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

कामाचे स्वरूप एव्हाना स्पष्ट झाले होते. ही साखर बाळासाठी नाही, बाळाच्या पोटातील पाहुण्यांसाठी आहे. २००८ मध्ये बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात या साखरा आत घेऊन फोडण्यासाठीच जमवलेला जनुकांचा मोठा गट सापडला. शिवाय काही रोगजंतू आतड्याच्या पेशींना चिकटण्याऐवजी या साखरांनाच चिकटतात आणि वाहून जातात.

मग ती बनवायची कशी? दुधातून काढणे अशक्य, प्रयोगशाळेत पायरीपायरीने जोडणे खर्चिक. २००० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे एरिक सामें यांच्या गटाने जिवंत जिवाणूलाच कारखाना केले. जिवाणू कोणता? ई. कोलाय. तान्ह्या बाळाच्या शौचात पहिल्यांदा ओळखला गेलेला जिवाणू, सव्वाशे वर्षांनी बाळाच्या डब्यातील साखर घडवू लागला. २०१५ मध्ये अमेरिकी नियामकाने हरकत नसल्याचे कळवले आणि २०१६ पासून ती तिथल्या दूधभुकटीत आली.

तरी ई. कोलायच्या दोन अडचणी होत्या. त्याच्या आवरणातील विषारी अंश कसोशीने दूर करावा लागतो आणि विषाणूंच्या हल्ल्यात अख्खी टाकी वाया जाऊ शकते. म्हणून काही संशोधक पावाच्या यीस्टकडे, म्हणजे किण्वाकडे वळले. माणूस ते हजारो वर्षे खात आला आहे.

किण्वाची एक सोय अशी, की आपली भिंत बांधण्यासाठी ते मॅनोज या साखरेचा सक्रिय साठा बाळगून असते. दोन परकी विकरे दिली की त्या मॅनोजचे फ्युकोज होते. उणीव एवढीच, की पावाच्या यीस्टला दुग्धशर्करा आत घेता येत नाही. त्यासाठी दूध आवडणाऱ्या क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस या दुसऱ्या किण्वाकडून दरवाजा उसना घेतला. मणी ओवणारे विकर कुठून आणले, हे वाचून मात्र हसू येते: हेलिकोबॅक्टर पायलोरी, पोटात व्रण करणारा जिवाणू. तो स्वतःवर माणसाच्या रक्तगटासारखी साखर चढवतो, म्हणून हे कसब त्याच्याकडे तयारच होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये असे यीस्ट जाहीर केले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने किण्वाच्या दोन जातींत हेच साधून लिटरला कित्येक ग्रॅमपर्यंत मजल मारली.

दोनशेपैकी एक साखर जमली, म्हणून डब्यावर ‘आईच्या दुधासारखे’ लिहिण्याचा मोह होतो. तो मोह लीबिग यांच्या काळाइतकाच जुना आहे, आणि बॉम्बे गटाच्या मातांची मुले त्याला पुरेसे उत्तर आहेत: आईचे दूध एका साखरेवर तोललेले नसते. भारतात १९९२ च्या कायद्याने अर्भकांच्या दूधभुकटीच्या जाहिरातीलाच बंदी आहे.

आणि ज्या बाळाला आईचे दूध मिळतच नाही, त्याच्यासाठी मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. दुग्धपेढ्यांत दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात काही संरक्षक प्रथिने क्षीण होतात. या साखरा मात्र तशाच राहतात.