टाकीचं झाकण कोण उघडणार?

अमेरिकेत किंवा इंग्लंडात शहराबाहेर घर बघायला गेलात, तर कागदपत्रांत 'सेप्टिक' हा शब्द भेटतोच. अमेरिकेत साधारण दर पाच घरांमागे एक घर सरकारी गटाराला जोडलेलंच नाही. संडास-मोरीचं पाणी अंगणातल्या टाकीत जातं. फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना हे नवीन वाटेल, पण आजोळच्या परसात सिमेंटची झाकणं तुम्ही पाहिली असतील. तीच ही टाकी.

तिची गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. व्हेझूल गावच्या झाँ-लुई मुरासने १८६०च्या सुमारास घराबाहेर एक बंद टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी उघडली, तर आत घट्ट मैला अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला, असं सांगतात. १८८१मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि टाकी 'स्वयंचलित मैला उपसणारी' म्हणून गाजली. हा शब्द फ्रेंचमध्ये मैला उपसणाऱ्या कामगाराचाच. नावातच जाहिरात होती: आता त्या माणसाची गरज नाही.

१८९५मध्ये एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉनने अशाच टाकीला 'सेप्टिक टँक' म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजवणारी. तिच्यातल्या गॅसवर दिवेही लागले.

आणि लगेच, १८९७मध्ये, आपली मुंबई! माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांमधला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेलं. आज 'बायोगॅस' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तेच हे. हा आश्रम १८९०मध्ये उभा केला तो मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांनी. नाव ओळखीचं वाटतंय? शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१मध्ये छापणारे अ‍ॅकवर्थ हेच. पोवाडे आणि मैला, दोन्हींत एकाच साहेबाचा हात! (पोवाड्यांवर एक वेगळा एपिसोड करायलाच हवा.)

पण मुरासच्या जाहिरातीत एक खोट होती. टाकीत तीन थर बनतात: वर तेलातुपाची साय, मध्ये पाणी, तळाशी गाळ. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ खातात, पण सगळा नाही. उरलेला साचत जातो, मधल्या पाण्याची जागा कमी होते, आणि एक दिवस गाळ बाहेरच्या भोकाच्या नळ्यांत शिरतो. त्या नळ्यांतून पाणी जमिनीत मुरायचं असतं. ती जमीन एकदा तुंबली की खर्च टाकी उपसण्याच्या कितीतरी पट.

म्हणजे कुणीतरी उपसायला हवंच. भारतात ते 'कुणीतरी' जातीने ठरवलं गेलं. टाकीतल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवायला बंदी केली, तरी मृत्यू थांबले नाहीत. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली. २०२३मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, यातच सगळं आलं. मुरासने ज्याला सुट्टी दिली होती, तो माणूस आजही टाकीत आहे.

तुमच्याकडे हे काम पंपाची गाडी करते, आणि कुणालाही आत उतरायची वेळ येऊ नये ही तुमचीच जबाबदारी. तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसून घ्या. घरात माणसं जास्त असतील तर लवकर. फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, डब्यात भरून कचऱ्यात टाका. ओले वाइप्स, पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलेलं असलं तरी, कचऱ्यातच. दुकानातली 'जंतू वाढवणारी' पावडर घेऊ नका. जंतू तुम्ही रोज फुकट पुरवताच. मुरणीच्या जागेवर गाडी लावू नका, झाडं लावू नका. झाकण उघडं असताना आत वाकून बघू नका, मुलांना तर जवळही फिरकू देऊ नका.

आणि झाकण कुठे आहे हेच माहीत नसेल, तर अमेरिकेत काउंटीच्या आरोग्य खात्याकडे विचारा. बऱ्याचदा घर बांधतानाचा नकाशा तिथे मिळतो.