एका निनावी फटफटीची कुळकथा

गेल्या श्रावणात अमेरिकेहून भाच्याने मला एक छायाचित्र पाठवले. तो तिथे शिकावयास गेला आहे. ज्या भाड्याच्या घरात राहतो त्याच्या मागल्या पडवीत, जुन्या गाद्या आणि गवत कापण्याचे यंत्र यांच्या आड, एक फटफटी भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही टायर बसलेले, आरसा एकच, चेन गंजून लाल झालेली. टाकीवर नाव सांगणारी जी चिकटपट्टी असते ती कुणीतरी नखांनी खरवडून निम्मी काढलेली. खाली मजकूर एवढाच, "मामा, ही कोणती गाडी? घ्यावी का? माझी पहिलीच असेल."

अर्ध्या तासात बहिणीचा फोन. "दादा, त्याला नाही म्हणून सांग. चिनी आहे म्हणतात. चिनी मालाचा काय भरवसा?"

कोल्हापुरास उद्यमनगरात माझी हयात गॅरेजात गेली. राजदूत, बुलेट, येझदी, नंतर होंडाच्या जातीच्या गाड्या, सगळ्यांचे पोट मी उघडून पाहिले आहे. पण नावच नसलेली गाडी ओळखण्याचा प्रसंग क्वचित आला. नाही म्हणणे सोपे होते. परंतु जी वस्तू आपण ओळखत नाही तिच्याविषयी मत द्यायचे कसे? म्हणून प्रथम तिचे कुळ काढू असे ठरवले.

अशा गाड्यांच्या बाबतीत टाकीवरचे नाव पुष्कळदा फसवे असते, हे वाचकांस सांगितले पाहिजे. चीनच्या एका कारखान्यातून निघालेली एकच गाडी अमेरिकेत वेगवेगळे आयातदार वेगवेगळ्या नावांनी विकत. आयातदार दुकान बंद करी, नाव नाहीसे होई, गाडी मागे राही. तेव्हा नाव सोडून द्यावे आणि लोखंडावर ठोकलेली अक्षरे वाचावीत. मी भाच्याला सांगितले, हँडलच्या मानेवरचा सतरा आकडी-अक्षरी क्रमांक पुसून घे आणि इंजिनच्या पोटावरचा मजकूर वायरब्रशने साफ करून पाठव.

सतरांतले पहिले अक्षर 'एल' होते. जगातील वाहनांना देशवार अक्षरे वाटून दिलेली आहेत, त्यांत 'एल' चीनकडे गेले आहे. दहावे स्थान सालाचे. तिथे आठचा आकडा, म्हणजे गाडी २००८ सालची धरलेली. टायरच्या बाजूवरही चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे; तेही जुळले. म्हणजे टायर मूळचेच होते, आणि म्हणूनच टाकाऊ होते. रबराला वय असते, मग नक्षी कितीही शाबूत दिसो.

इंजिनावर लिहिले होते, '१६३ एफ एम एल'. चिनी फटफट्यांची ही पत्रिकाच म्हणावयाची. पहिला एक म्हणजे सिलिंडर एक. त्रेसष्ट म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरांत. 'एफ' हे 'फंग' या चिनी शब्दाचे आद्याक्षर. फंग म्हणजे वारा, अर्थात इंजिन वाऱ्यावर थंड होणारे. 'एम' मोटारसायकलचा. शेवटच्या अक्षराने आकार कळतो: 'आय' असेल तर १२५ घनसेंटिमीटरचे, 'जे' असेल तर १५०चे, 'एल' असेल तर २००चे.

एवढ्यावर माझे समाधान होईना. ही अक्षरे आकार सांगतात, गोत्र सांगत नाहीत. याच अक्षरांची दोन अगदी भिन्न घराण्यांची इंजिने आहेत. एकात कॅम वर डोक्यात असतो आणि त्याला लांब टायमिंग चेन फिरवते. दुसऱ्यात कॅम खाली क्रँकशेजारी असतो आणि तिथून दोन पुशरॉड वर जाऊन रॉकर हलवतात. "वरचे झाकण खोल," म्हटले. त्याने आयुष्यात प्रथमच पाना हातात धरला असावा. चार बोल्ट खोलायला रात्र गेली. सकाळी छायाचित्र आले. रॉकरखाली दोन बारीक दांड्या स्पष्ट दिसत होत्या. अंगातल्या वायरांचे रंगही मी पाहिले: बॅटरीची तांबडी, किल्लीनंतरची काळी, अर्थची हिरवी. हे रंग होंडाचे. नक्कल करणाऱ्याने इंजिन उचलले तसे वायरांचे रंगही उचलले होते. गोत्र सापडले. ही गाडी होंडा 'सीजी १२५'ची पणती.

आपल्याकडे ही 'सीजी' आली नाही, म्हणून तिची थोडी ओळख करून देतो. होंडाचे लहान इंजिन म्हणजे डोक्यात कॅम, नाजूक आणि चपळ, अशी १९७०च्या सुमारास ख्याती होती. पण थायलंड, पाकिस्तान, इराण अशा देशांत त्या गाड्या लवकर थकू लागल्या. होंडाचे अभियंते त्या देशांत हिंडले. त्यांना जे दिसले ते कोल्हापूरच्या कोणाही मिस्त्रीने घरबसल्या सांगितले असते: एका गाडीवर अख्खे कुटुंब आणि वर पोते, तेल बदलण्याची पद्धत नाही, फार तर वर ओतण्याची, चेन धुळीत वाळलेली, आणि गाडी बंद पडेपर्यंत गॅरेजचे तोंड न पाहण्याची शपथ.

कोणी दुसरा असता तर त्याने माहितीपुस्तक अधिक ठळक अक्षरांत छापले असते. या मंडळींनी गिऱ्हाइकाला सुधारण्याचा नाद सोडला आणि इंजिन बदलले. कॅम खाली आणला, तो चेनऐवजी गिअरने फिरवला, म्हणजे ताणून बसवण्याची टायमिंग चेनच उरली नाही. एकाच उंचवट्यावर दोन्ही व्हॉल्व्हचे काम भागवले. मागल्या चेनला चहूबाजूंनी बंद पेटी दिली. १२४ घनसेंटिमीटरचे हे इंजिन १९७६ साली बाजारात आले. शास्त्राच्या दृष्टीने ही पीछेहाटच होती, पुशरॉड म्हणजे मागल्या पिढीची युक्ती. तरीसुद्धा ब्राझीलमध्ये मानाउस येथे होंडाने त्याच वर्षी कारखाना घातला तो याच गाडीवर, आणि पाकिस्तानात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दुर्लक्ष गृहीत धरून यंत्र बनवणे याला मी यंत्रविद्येतला मोठा समंजसपणा मानतो.

आता ही जपानी लेक चीनच्या घरी कशी गेली?

चिनी मोटारसायकल म्हटले की जाणत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती साइडकारवाली 'चांगजियांग'. नानचांगच्या विमान कारखान्यात १९५७ साली ती तयार झाली. तिचा बाप सोव्हिएत 'एम ७२', आणि आजा जर्मनीची १९३८ची बीएमडब्ल्यू 'आर ७१'. रशियाने ती स्वीडनमार्गे गुपचूप आणली की जर्मनीशी करार असताना उघड मिळवली, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते असो. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की चीनमध्ये फटफटी जन्मली ती लष्कराच्या अंगणात. सामान्य माणसाच्या ती कामाची नव्हतीच.

चांगजियांग म्हणजे लांब नदी. आपण जिला यांगत्से म्हणतो ती. तिला चोंगछिंग शहरापाशी जियालिंग नावाची नदी मिळते, आणि चमत्कार असा की या दुसऱ्या नदीच्याही नावाची फटफटी आहे. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहिलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते.

चोंगछिंग हे डोंगरातले शहर. १९३८ साली जपानी सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा चीनच्या सरकारने शस्त्रास्त्रांचे कारखाने बोटींवर चढवून नदीने वर चोंगछिंगकडे नेले. त्यांत हानयांगची जुनी तोफ-बंदुकांची शाळाही होती. 'जियानशे' हा मोटारसायकलचा कारखाना तिचाच वारस. पुढे १९७८नंतर चीनचे धोरण पालटले, शस्त्रांची मागणी घटली आणि या कारखान्यांस सांगण्यात आले की लोकोपयोगी माल काढा. जियालिंगच्या शस्त्र कारखान्याने १९७९ साली पन्नास घनसेंटिमीटरची छोटी गाडी काढली आणि १९८१पासून होंडाशी हात मिळवला, जियानशेने यामाहाशी. ज्या जपानच्या भीतीने कारखाने डोंगरात आले होते, त्याच जपानकडून आता नकाशे येऊ लागले. इतिहासाला असल्या गोष्टींची लाज वाटत नाही.

मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखाने वाढतातच. कोणी पिस्टन ओतू लागला, कोणी क्लचप्लेट, कोणी नुसत्या वायसर. यिन मिंगशान नावाचे गृहस्थ माओच्या काळात तुरुंगात जाऊन आलेले, पुढे इंग्रजी शिकवलेले, पुस्तकांच्या धंद्यात काही वर्षे काढलेले. १९९२ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ते या धंद्यात शिरले. त्यांची कथा अशी सांगतात की, कारखाना अख्खे इंजिन बाहेरच्याला देत नसे, पण सुटे भाग दुरुस्तीसाठी मिळत. यांनी सगळे सुटे भाग विकत घेतले आणि घरी जोडून इंजिन उभे केले. त्यांची 'लिफान' कंपनी त्यातून झाली.

ही कथा मी वाचली तेव्हा मला हसू आले, कारण उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला ती परकी नाही. 'नमुना दाखवा, भाग करून देतो' हे आमच्याकडचे जुने वाक्य. फरक प्रमाणाचा. त्या शहराच्या परिसरात मापे इतकी ठरून गेली की एकाचा सिलिंडर, दुसऱ्याचा हेड आणि तिसऱ्याचा क्रँक मुकाट्याने एकत्र बसू लागले. 'सीजी' तर या कामी जणू देवाने पाठवलेली: भाग कमी, साधे, चुका सोसणारे. तिचा मूळ ५६.५ मि.मी. व्यास वाढवीत वाढवीत ६३.५ झाला, पिस्टनची धाव ४९.५ची ६२.२ झाली, आणि भाच्याच्या पडवीतले दोनशेचे इंजिन तयार झाले. १९९३ साली मोटारसायकल उत्पादनात चीनने जपानला मागे टाकले ते या जोडकामाच्या बळावर.

याला चोरी म्हणावे का? बहिणीच्या मनात हाच प्रश्न होता. काही वेळा ती चोरी होतीच. लिफानने आपल्या गाडीवर 'होंगडा' असे नाव घातले तेव्हा होंडाने दावा लावला आणि २००४ साली जिंकला. नाव चोरणे यात कसब नाही, लबाडीच आहे. पण घडणीची नक्कल हा निराळा विषय. यामाहाची पहिली गाडी, १९५५ची, जर्मन 'डीकेडब्ल्यू'ची नक्कल होती. युद्धानंतर तीच गाडी इंग्लंड, अमेरिका आणि रशिया यांनीही उचलली होती. आमची राजदूतसुद्धा पोलंडची लेक, मात्र रीतसर सोयरीक करून आणलेली. होंडाने तर २००१ साली आपली नक्कल करणाऱ्या एका चिनी कंपनीशीच भागीदारी केली! व्हिएतनाममध्ये चिनी गाड्यांनी बाजार काबीज केला तेव्हा २००२ साली तिथे स्वतःची स्वस्त गाडी उतरवली. नक्कलकाराकडून मूळ कारागीर काटकसर शिकला.

माझा आक्षेप असेल तर तो धातूवर. आकाराची नक्कल डोळ्यांनी होते, पोलादाच्या पाण्याची होत नाही. या गाड्यांचे बोल्ट मऊ, बेअरिंग कच्चे, चेन लवकर ताणणारी, रबरी नळ्या लवकर चिरणाऱ्या, वायरांचे जोड सैल. इंजिनचा आराखडा नामी आणि भोवतालचे सामान हलके, असा हा संसार.

तेव्हा बहिणीला मी सांगितले, "गाडी होंडाच्या घरची आहे, फक्त गरिबीत वाढली आहे. त्याला करू दे. पण माझ्या अटी आहेत."

पहिली अट कागदाची. टाकून दिलेली वस्तू बेवारस असतेच असे नाही. अमेरिकेत तर मालकीच्या दाखल्यावाचून गाडी रस्त्यावर येत नाही आणि नियम राज्यागणिक निराळे. भाच्याने घरमालकाला गाठले. आधीच्या भाडेकरूने थकलेल्या भाड्यापोटी गाडी ठेवून दाखल्यावर सही केली होती. तो कागद एका खणात सापडला. तो नसता तर मी तिथेच थांबवले असते.

दुसरी अट अशी की, चालण्याआधी थांबणे दुरुस्त करायचे. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, ब्रेकची नळी, केबली, चेन, चाकांची बेअरिंग आणि हाताला येतील ते मऊ बोल्ट सगळे नवे. नवशिक्याला आधी इंजिन चालू करण्याची घाई असते, कारण आवाजात आनंद आहे. ब्रेकमध्ये आनंद नाही, फक्त आयुष्य आहे. तिसरी अट, तिथे नवशिक्यांसाठी फटफटीचा जो वर्ग असतो तो पुरा करायचा.

उरलेले काम सरळ होते. टाकीतले पेट्रोल आंबून वार्निशासारखे झाले होते; तिकडच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असते, ते पाणी ओढते. कार्बोरेटर जपानी केइहिनची चिनी नक्कल, जेट बुजलेले. दोन दिवस साफ करूनही लहान जेटमधून उजेड दिसेना, तेव्हा अख्खा कार्बोरेटरच मागवला. खोक्यावर कोणाचेही नाव नव्हते. बसला मात्र बिनचूक. नामवंत कंपन्यांच्या जुन्या गाड्यांचे भाग मिळवताना मी महिनेन्‌महिने वाट पाहिली आहे; या निनावी गाडीचा भाग आठवड्यात दारात आला.

नवरात्रात एका पहाटे फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती. बोलणे काहीच नाही, नुसती किकची खरखर; एकदा, दोनदा, सातव्यांदा इंजिन पकडले. त्याने फोन सिलिंडरजवळ धरला असावा. मागून तो ओरडत होता, "मामा, ऐकू येतेय का? मामा?"

येत होते. टॅपेट वाजत होते. मी म्हटले, "बंद कर. रात्रभर गार होऊ दे. सकाळी फीलर गेज घे आणि शून्य पूर्णांक शून्य आठ मिलिमीटरवर लाव. दोन्ही व्हॉल्व्ह. मग पुन्हा फोन कर."