दूरची ठाणी आणि आकाशातील मध्यस्थ

मुख्यालयापासून दूर नेमणूक झालेल्या माणसास एक गोष्ट अनुभवाने कळते. वरिष्ठांशी संपर्क तुटला की निर्णयाचा सारा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येतो. संपर्क अखंड राहिला की तो भार हलका होतो, पण त्याबरोबर त्याचा अधिकारही थोडा हलका होतो. तार आणि टेलिफोन यांनी जिल्ह्याच्या कारभारात जे घडविले, तेच पुढे अंतराळप्रवासातही घडले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाशी अखंड बोलता यावे म्हणून मनुष्याने आकाशात जे मध्यस्थ उपग्रह बसविले, त्यांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो दूरच्या ठाण्यांचा, तेथील माणसांचा आणि कोणी कोणास काय सांगावे या प्रश्नाचाही इतिहास आहे.

अडचणीचे मूळ भूमितीत होते. यानाशी बोलण्यास ज्या रेडिओलहरी वापरतात त्या सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईस वळसा घालून त्या जात नाहीत. दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरील यान सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करते. जमिनीवरील एखाद्या ठाण्याच्या क्षितिजावर ते उगवते आणि पाचसात मिनिटांत मावळते. म्हणून अमेरिकेने आपल्या पहिल्या अंतराळवीरांसाठी पृथ्वीला ठाण्यांची एक माळच घातली. बर्म्युडा, कॅनरी बेटे, नायजेरियातील कानो, झांजिबार, ऑस्ट्रेलियातील मुचिया आणि वूमेरा, पॅसिफिकमधील कँटन बेट, हवाई, मेक्सिकोतील ग्वायमास अशी ती ठाणी होती. जेथे जमीन नव्हती तेथे, म्हणजे अटलांटिक आणि हिंदी महासागरांत, जहाजे उभी केली. एवढे करूनही माळेच्या दोन मण्यांमधील अंतर मौनाचेच राहिले. ठाणी सुधारली, तरी पुढे कित्येक वर्षे सामान्यतः प्रदक्षिणेचा सुमारे १५ टक्केच भाग संपर्काखाली येत असे.

या मौनाची किंमत काय, हे २० फेब्रुवारी १९६२ रोजी दिसून आले. त्या दिवशी जॉन ग्लेन याने पृथ्वीस तीन प्रदक्षिणा घातल्या. त्याच्या स्वागतार्थ पर्थ शहराने रात्री दिवे उजळले होते. परंतु दुसऱ्या प्रदक्षिणेत केप कॅनाव्हरल येथील नियंत्रणकक्षात एक भयसूचक संकेत उमटला : यानाच्या तळाची उष्णतारोधक ढाल सैल झाली असावी. ते खरे असते तर वातावरणात परतताना यान जळून गेले असते. ग्लेनला मात्र हे सांगितले गेले नाही. हिंदी महासागरातील जहाजावरून त्यास एका विशिष्ट कळीविषयी सूचना आली. मुचियाहून त्याच कळीची पुन्हा चौकशी झाली. पुढच्या ठाण्यांवरून पुन्हा तेच. प्रत्येक ठाणेदार आपल्या वाट्याच्या काही मिनिटांत वरून आलेला प्रश्न विचारी आणि यान मावळताच गप्प होई. अखेर टेक्सासच्या ठाण्याने कळविले की गतिरोधक रॉकेटांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे टाकून न देता तसाच राहू द्यावा. त्याचे पट्टे ढाल धरून ठेवतील, हा त्यामागील हेतू. ग्लेनने कारण विचारले. हा केपचा निर्णय आहे, याहून अधिक त्या ठाण्यास सांगता आले नाही. कारण कळले ते केपशी प्रत्यक्ष संपर्क आल्यावर, अवतरणाच्या अगदी तोंडावर. संकेत खोटा ठरला आणि ग्लेन सुखरूप उतरला. पण तुकड्यातुकड्यांच्या संपर्कात आज्ञा पोहोचते, कारण पोहोचत नाही, हा धडा मागे राहिला.

चार वर्षांनी, १६ मार्च १९६६ रोजी, प्रकार याच्या उलट झाला. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी आपले जेमिनी-८ हे यान अजेना नामक दुसऱ्या यानाशी जोडले. असे जोडकाम त्यापूर्वी कोणी केले नव्हते. मादागास्करमधील टनानारिव्ह ठाण्यामार्फत ह्यूस्टनने त्यांस इशारा दिला की काही बिघडल्यास अजेनाची यंत्रणा बंद करावी. त्यानंतर संपर्क संपला आणि त्या मौनातच जोडयान गरगरू लागले. इशाऱ्यास अनुसरून दोघांनी दोष अजेनाकडे दिला आणि यान सोडवून घेतले. तो गिरक्या अधिकच वाढल्या, कारण बिघाड त्यांच्याच यानातील एका उघड्या राहिलेल्या झोतनळीत होता. पश्चिम पॅसिफिकमधील ‘कोस्टल सेंट्री क्वेबेक’ या जहाजाच्या टापूत यान आले, तेव्हा त्यावरील लोकांच्या कानी संकटाची वार्ता पडली. यान तेव्हा सेकंदास जवळजवळ एक गिरकी घेण्याच्या बेतास आले होते. जहाज ऐकण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हते. आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखून ठेवलेली नियंत्रणयंत्रणा वापरून यान सावरले. दूरच्या ठिकाणी एकट्याने घ्यावयाच्या निर्णयाचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

मौनाखेरीज या ठाण्यांना आणखी एक व्याधी जडलेली होती : ती परक्यांच्या भूमीवर होती. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारात राज्यक्रांती झाली आणि तेथील अमेरिकी कर्मचाऱ्यांस युद्धनौकेवरून हलवावे लागले. त्या ठाण्याचे काम टनानारिव्हकडे गेले. तेथेही १९७५ साली भाड्याच्या मागणीवरून बिनसले आणि ते ठाणे बंद झाले. सोव्हिएत संघाने यावर उपाय म्हणून जहाजांचा मोठा ताफा बाळगला. पण जहाजेही महागडी, आणि समुद्र विशाल.

खरा उपाय दृष्टी उलटी करण्यात होता. यानाकडे खालून पाहण्याऐवजी वरून पाहावे! १९४५ सालीच आर्थर क्लार्क याने दाखविले होते की विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि म्हणून एकाच जागी स्थिर भासतो. त्याचा विचार मुख्यतः पृथ्वीवरील दोन ठिकाणे जोडण्याचा होता. आता तीच उंची यान आणि पृथ्वी जोडण्यासाठी योजिली गेली. अशा एका उपग्रहास खालच्या कक्षांचा जवळजवळ अर्धा भाग दिसतो. योग्य अंतरावर ठेवलेल्या दोहोंना किमान ८५ टक्के. यानाचा संदेश मध्यस्थ उपग्रह झेलतो आणि न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या कोरड्या हवेच्या ठिकाणी उतरवितो. पावसाने या लहरी क्षीण होतात. म्हणून जागा अशी निवडली.

४ एप्रिल १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ यानातून पहिला मध्यस्थ उपग्रह निघाला. त्यास उंचावर नेणाऱ्या रॉकेटाचा दुसरा टप्पा वाटेत बिघडला आणि सव्वादोन टनांचा तो उपग्रह भलत्याच लांबट कक्षेत अडकला. त्याच्या अंगी उरली होती ती केवळ तोल सांभाळण्यासाठी दिलेली इवलीशी झोतयंत्रे, प्रत्येकी सुमारे एक पौंड जोराची. नियंत्रकांनी तीच पुनःपुन्हा चालवून, जवळजवळ दोन महिने धीर धरून, २९ जून १९८३ रोजी उपग्रह जागेवर आणला. लंगडत गेलेला हा दूत पुढे सव्वीस वर्षांहून अधिक काळ चाकरीत राहिला. त्याच्या भावंडाचे नशीब तसे नव्हते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ आपल्या सात प्रवाशांसह नष्ट झाले, तेव्हा दुसरा मध्यस्थ उपग्रह त्याच यानात होता. पुढचा उपग्रह १९८८ साली आणि त्यानंतरचा १९८९ साली वर गेला. सोव्हिएत संघाने आपला पहिला मध्यस्थ १९८५ साली सोडला होता.

अमेरिकेची जुनी ठाणी आता एकामागून एक मिटू लागली. १९८९ साली ग्वाम आणि हवाई येथील ठाणीही मिटली. तथापि एक फट राहिलीच. व्हाइट सँड्सला दिसतील अशाच जागी उपग्रह ठेवावे लागत. त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस काही टापू अंधारात राही. तो टापू होता हिंदी महासागरावर, म्हणजे आपल्याच शेजारी. ती फट बुजविण्यासाठी १९९८ साली ग्वाम बेटावर पुन्हा एक ठाणे कार्यान्वित करावे लागले. आकाशात कितीही उंच मनोरा उभारला, तरी त्याचा पाया कोणत्या तरी बेटावर घालावा लागतो, असाच याचा अर्थ.

अशा रीतीने संपर्क अखंड झाला. मग मौन संपले काय? १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ उड्डाण करीत असता फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान सोळा दिवस वर होते आणि बोलणे हवे तेव्हा होऊ शकत होते. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मागितली; ती मागणी वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. यानाच्या कप्तानास पत्र गेले, त्यात तुकडा आदळल्याची हकीकत होती आणि काळजीचे कारण नाही असा दिलासाही. १ फेब्रुवारीस यान परतताना फुटले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. शेवटच्या क्षणांपर्यंतची आकडेवारी मध्यस्थ उपग्रहांनी इमानाने खाली पोहोचविली आणि कारणांचा शोध घेताना तिचाही उपयोग झाला.

ग्लेनला धोका कळविला गेला नाही आणि तो वाचला. ‘कोलंबिया’च्या प्रवाशांना कळविले गेले, पण धोका नाही असे. पहिल्या प्रसंगी तार तुटक होती, दुसऱ्या प्रसंगी ती अखंड होती. परंतु जो प्रश्न विचारावयास हवा होता तो विचारला गेलाच नाही. नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिकेने या जुन्या मध्यस्थांकडे नव्या मोहिमा सोपविणे थांबविले आहे. यापुढचे काम खासगी कंपन्यांकडे जात आहे. भारताच्या गगनयान योजनेतही मध्यस्थ उपग्रहांचा विचार झालेला आहे. ते अवश्य व्हावेत. त्यांच्यामुळे आवाज पोहोचेल. मात्र दूरच्या ठाण्यावरून आलेला कनिष्ठाचा शब्द ऐकून घेण्याची तयारी मुख्यालयाची मुख्यालयानेच ठेवावी लागेल. ते काम कोणत्याही उपग्रहावर सोपविता येणार नाही.