मुदतबाह्य वास्तव्य (आखाती देश)

मुदतबाह्य वास्तव्य (आखाती देश) : नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कामगाराने निवास परवान्याची मुदत संपल्यावर किंवा तो रद्द झाल्यावर त्याच देशात राहणे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन व ओमान या सहा देशांत ही स्थिती मुख्यतः ‘कफाला’ पद्धतीतून उद्भवते. परवाना (सौदीत ‘इकामा’) कफीलाच्या, म्हणजे प्रायोजक मालकाच्या, नावाशी बांधलेला असतो. नूतनीकरण करायचे ते कफीलाने. ते राहून गेले तर रस्त्यावरच्या तपासणीत सापडतो तो कामगार. अशा माणसाला तेथील भारतीय कामगार ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. मूळ अरबी बोलीत याचा अर्थ ‘सोडून दे’ असा आहे.

कारणे : कंपनी बुडते आणि परवाने तसेच राहतात; पगार थकल्याने कामगार दुसरीकडे कामाला लागतो; किंवा त्याने मुळातच ‘आझाद व्हिसा’ विकत घेतलेला असतो. या शेवटच्या प्रकारात कागदावर एक कफील असतो, काम मात्र मिळेल तेथे करायचे असते. कायद्यात या नावाचा व्हिसा कोठेही नाही. हे नाव व्हिसा विकणाऱ्यांनी दिलेले आहे.

सौदीत ‘हुरूब’ (पलायन) ही वेगळी बाब आहे. कामगार गैरहजर असल्याचे मालकाने कळवले की मुदत शिल्लक असलेला इकामाही निकामी होऊ शकतो, आणि कामगाराला ते पुष्कळदा एखाद्या कार्यालयाच्या खिडकीशी कळते. थकीत पगाराचा दावा टाळण्यासाठी हुरूब लावला जातो, असा मानवाधिकार संघटनांचा आक्षेप आहे. खोटी तक्रार दंडनीय असल्याचे शासन सांगते.

दंड : अमिरातीत ऑक्टोबर २०२२ पासून दिवसाला ५० दिरहॅम असा सरसकट दर आहे, वर्षभरात १८,२५० दिरहॅम होतात. त्याआधी निवास परवान्याचा दंड २५ दिरहॅमपासून चढत जाई. परवाना रद्द झाल्यावर देश सोडण्यासाठी सवलतीचे दिवस मिळतात, ते परवान्याच्या प्रकारानुसार बदलतात. कुवेतमध्ये जुन्या नियमांनुसार दिवसाला २ दिनार, कमाल ६०० दिनार दंड होता. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांनी कमाल मर्यादा वाढवली. सौदीत पकडलेल्यास ‘तरहील’मध्ये (हद्दपारी केंद्रात) ठेवून पाठवतात व पुनःप्रवेशास बंदी घालतात. पूर्वी अमिरातीतून हद्दपार झालेले काही जण नव्या नावाच्या पासपोर्टवर परत येत. अमिरातीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विमानतळांवर बुबुळांची तपासणी सुरू केली आणि ही वाट बंद होत गेली.

माफीच्या मुदती : दंड साचत गेला की तो भरून देश सोडणे कामगाराच्या आवाक्याबाहेर जाते, आणि राहिल्याने तो आणखी वाढतो. ही कोंडी फोडण्यासाठी ठरावीक काळाने माफी जाहीर होते. अमिरातीत १९९६, २००३, २००७, २०१२-१३, २०१८ व २०२४ अशा माफ्या झाल्या. २०१८ ची मुदत १ ऑगस्टला सुरू होऊन दोन वाढींनंतर ३१ डिसेंबरला संपली. तीत नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसाही मिळे. २०२४ ची मुदत १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर होती, तीही ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. या वेळी दंड माफ, पुनःप्रवेशबंदी नाही, आणि कागदपत्रांविना तेथेच जन्मलेल्या मुलांनाही लाभ. शेवटच्या आठवड्यात मुदत वाढेल या भरवशावर थांबणारे प्रत्येक माफीत असतात, आणि वरच्या तारखा पाहता त्यांना फार दोष देता येत नाही.

सौदीत, नोकऱ्यांत स्थानिक नागरिकांचे प्रमाण ठरवणाऱ्या ‘निताकात’ धोरणानंतर, एप्रिल ते ३ नोव्हेंबर २०१३ ही सवलत होती. एक लाखाहून अधिक भारतीय परतले, त्याहून कितीतरी जणांनी तेथेच कागदपत्रे नियमित करून घेतली. कुवेतमध्ये २०१८, २०२० व २०२४ साली माफी झाली. २०२० ची एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत आली. कुवेत शासन तिकिटाचा खर्च उचलायला तयार होते; पण भारताने मार्चमध्येच आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली होती. नाव नोंदवलेले भारतीय छावण्यांत अडकून राहिले. परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणणारी ‘वंदे भारत’ मोहीम ७ मे रोजी सुरू झाल्यानंतर त्यांची परतण्याची सोय होऊ लागली.

दैनंदिन परिणाम : बँक खाते चालत नाही, म्हणून पैसे हुंडीने जातात. आजार अंगावर काढला जातो. घरी मयत झाली तरी जाता येत नाही.

परत येणे : पासपोर्ट बहुधा कफीलाकडे अडकलेला असतो, तो ठेवून घेण्यास मनाई असूनही हा प्रघात टिकून आहे. अशा वेळी भारतीय दूतावास एकेरी प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. कामगारांच्या बोलीत हाच ‘आऊटपास’. तो मिळाला तरी यजमान देशाची निर्गमन परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि खरा विलंब तेथेच होतो. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून तिकीट व तात्पुरता निवारा दिला जातो आणि काही प्रसंगी लहान दंड भरला जातो.

महाराष्ट्र : रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतून, विशेषतः श्रीवर्धन, म्हसळा, महाड भागांतून, १९७० नंतर आखाताकडे मोठे स्थलांतर झाले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) शेरा असतो व नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवानगी लागते. भेटीच्या व्हिसावर जाऊन कामाला लागणारे ही परवानगी टाळतात. पुढे अडचण आली की दूतावासाकडे त्यांच्या नोकरीची नोंदच नसते.

इतर देश : कतारमध्ये २०१६ व २०२१-२२ साली सवलतीच्या मुदती दिल्या गेल्या. बहारीनने २०१७ साली कफीलाविना काम करण्याचा ‘फ्लेक्सी’ परवाना आणला व २०२२ साली तो रद्द केला. ओमानमध्येही वेळोवेळी माफी जाहीर होते.