किंगस्नेकची शांतता

किंगस्नेक म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना किंग कोब्रा, म्हणजे नागराज आठवतो. दोघांत जवळचे नाते नाही. नागराज जहाल विषारी आणि भारत व आग्नेय आशियातला. किंगस्नेक बिनविषारी, अमेरिकेतला, बहुधा तीन-चार फुटांचा. ‘राजा’ ही पदवी मात्र दोघांना एकाच गुणामुळे मिळाली : दोघेही इतर साप गिळतात. (आपली मण्यारही गिळते, पण तिला कोणी राणी म्हटले नाही.)

किंगस्नेक अमेरिकेत शेकडो घरांत पाळला गेला तो शांत साप म्हणून. हा शांतपणा नेमका कोणाच्या बाबतीत, हा प्रश्न त्याच्या इतिहासात पुन:पुन्हा डोके वर काढतो.

अठराव्या शतकात मार्क केट्सबीने कॅरोलायनातील जीवसृष्टीवरच्या आपल्या ग्रंथात त्याला ‘चेन स्नेक’ म्हटले, कारण काळ्या अंगावर साखळीसारखी फिकट नक्षी असते. 1766 मध्ये लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिले. रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप, हा खातो म्हणून शेतकरीही त्याला सहसा जीवदान देत. रॅटलस्नेकच्या विषाला निष्प्रभ करणारे घटक किंगस्नेकच्या रक्तातच असतात, हे पुढे प्रयोगशाळेत दिसले.

पाळलेल्या सापांतून खरे ज्ञान कसे निघते, याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तिथे दोन किंगस्नेक मानले जात. एकाच्या पाठीवर लांब उभा पट्टा. त्याचे वर्णन 1835 चे. दुसऱ्याच्या अंगावर आडवी कडी. त्याचे वर्णन 1853 चे. दोन रूपे, दोन नावे, दोन जाती. हा हिशेब मोडला तो लॉरेन्स क्लाउबर यांनी. हे गृहस्थ प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. सॅन डिएगोच्या वीज-गॅस कंपनीत अभियंता म्हणून लागून तिथेच अध्यक्षपदापर्यंत चढलेले. चाळिशीच्या सुमारास सापांचा नाद लागला आणि तो जन्मभर टिकला. पकडलेल्या माद्यांनी बंदिवासात अंडी घातली, तेव्हा एकाच आईच्या अंड्यांतून पट्ट्याची आणि कड्यांची, दोन्ही प्रकारची पिल्ले बाहेर आली! 1936 पासूनच्या लेखांत क्लाउबरनी मांडले की या दोन जाती नव्हेत, एकाच जातीचे दोन वेष आहेत. पदवीवाल्यांनी शंभर वर्षे कातडी पाहिली. या माणसाने अंडी फुटण्याची वाट पाहिली. मला हा फरक मोठा वाटतो.

त्याच काळात रॅटलस्नेकवर प्रयोग झाले; 1938 मध्ये कोल्स यांनी आणि 1941 मध्ये बोगर्ट यांनी ते प्रसिद्ध केले. माणूस जवळ आला तर रॅटलस्नेक वेटोळे घालून डोके उचलतो, खुळखुळा वाजवतो, दंशाला तयार होतो. किंगस्नेकपुढे तो हे सारे विसरतो. डोके जमिनीलगत दडवून शरीराचा मधला भाग कमानीसारखा वर उचलतो आणि त्याने शत्रूला थोपटून ढकलू पाहतो. त्यासाठी किंगस्नेक दिसावाच लागत नाही, वास पुरतो. शेजारच्या पेटीत किंगस्नेक असेल तर दुसरा साप निवांत कसा राहील, असे मला त्यावरून वाटते.

पाळणारे मात्र स्वभाव ठरवतात तो आपल्या हातावरून. कॉर्न स्नेक सौम्य. गोफर स्नेक जोरात फुत्कारतो. रेसर माणसाळत नाही, चावतो. हॉगनोज फणा काढल्याचे सोंग करतो आणि तेही फसले तर उताणा पडून मेल्याचे. किंगस्नेक हातात घेतला की थोड्या दिवसांत स्थिरावतो. चावलाच तर बहुधा रागाने नव्हे, भुकेने : बोटांना उंदराचा वास असला की धरतो आणि चावत राहतो. तोच साप कॉर्न स्नेकबरोबर एका पेटीत ठेवला तर महिनोन्‌महिने काही घडणार नाही, आणि एके सकाळी पेटीत एकच जाड साप उरेल. दोन किंगस्नेकही एकत्र ठेवू नयेत, ही जुन्या जाणत्यांची शिस्त; जोडी लावायची ती आधी पोटभर खायला घालून, डोळ्यांसमोर. 2017 मध्ये पेनिंग आणि मून यांनी दाखवले की त्याचे स्नायू त्याच्या भक्ष्य असलेल्या रॅट स्नेकपेक्षा मोठे नाहीत. पण त्याचा विळखा स्प्रिंगसारखा नेटका बसतो आणि दाब अधिक पडतो.

पुढे छंदाचा बाजार झाला. 1961 मध्ये बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांनी कॉर्न स्नेकची अल्बिनो पिल्ले मिळवली, आणि रंगांसाठी पैदास करण्याची वाट मोकळी झाली. किंगस्नेकचेही अल्बिनो आले. इतकेच काय, खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचा संकर करून ‘जंगल कॉर्न’ नावाने विकला गेला. मला ही हौस पटत नाही.

या बाजारातले काही साप स्पेनच्या ग्रॅन कॅनेरिया बेटावर सुटले किंवा सोडले गेले. 1998 पासून तिथे कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक मोकळा आढळतो. पकडलेल्यांत अल्बिनोही असतात, म्हणजे मूळ पेटीतलेच. त्या बेटावर देशी साप एकही नव्हता. रॅटलस्नेकला उपजत कळणारा तो वास तिथल्या मोठ्या सरड्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, जिथे हा साप पसरला तिथे ते सरडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आहेत. दरवर्षी पथके साप पकडतात, सापळे लावतात. सापांचा फैलाव थांबलेला नाही.