जेलमध्ये शिकलेला कायदा

१० जुलै १९३०. पुसदजवळच्या राखीव जंगलात माधव श्रीहरी अणे यांनी गवत कापलं. बापूजी अणे म्हणजे यवतमाळचे नावाजलेले वकील, टिळकांचे अनुयायी, १९१८ साली 'लोकमत' साप्ताहिक सुरू करणारे. त्यांच्यावर आरोप लागला चोरीचा! कलम ३७९, शिक्षा सहा महिने. अकरा दिवसांनी यवतमाळजवळच लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनी तेच केलं आणि ते नऊ महिन्यांसाठी अकोल्याच्या तुरुंगात गेले.

या जंगल सत्याग्रहांची गंमत अशी की त्यात खटला असा फारसा नसायचाच. सत्याग्रही आधी जाहीर करून कायदा मोडायचे आणि सहसा कोर्टात बचाव करायचे नाहीत. प्रश्न फक्त किती महिने, एवढाच.

मराठीत जेलवरचं लिखाण भरपूर आहे. सुरुवात १८८२ पर्यंत मागे जाते. कोल्हापूरच्या बर्वे दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि बाहेर आल्यावर आगरकरांनी तिथल्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिलं. पुढे सावरकरांचं 'माझी जन्मठेप', मग आणीबाणीतल्या मंडळींच्या आठवणी. आपल्या मध्यमवर्गाला कोठडी, भाकरी, वॉर्डर हे सगळं माहीत झालं ते यातूनच. पण ही माणसं जेलमध्ये का गेली हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या लिखाणातून तुरुंग कळला, खटला नाही कळला, असं माझं मत.

आणि आजचा तुरुंग म्हणजे मुख्यतः खटलाच आहे. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. त्यांच्यासाठी शिक्षा म्हणजे तारीख, पुढची तारीख, आणि तारखेला न्यायला पोलीस गाडीच आली नाही तर त्याच्याही पुढची तारीख.

हे आतून समजावून सांगणारी माणसं अलीकडे पुढे आली. अरुण फरेरा यांना ८ मे २००७ ला नागपुरात माओवादी असल्याच्या आरोपावरून अटक झाली. एका केसमधून सुटेपर्यंत दुसरी, असं चालू राहिलं. सप्टेंबर २०११ मध्ये ते सगळ्या खटल्यांतून सुटले, तर नागपूर जेलच्या दारातच साध्या वेशातल्या पोलिसांनी पुन्हा उचललं. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये घरी. २०१४ साली त्यांचं 'कलर्स ऑफ द केज' हे इंग्रजी पुस्तक आलं, त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांसह. अंडा बराक, मुलाखतीची खिडकी, जामीन मिळूनही बाहेर न पडू शकणारी माणसं... नंतर ते वकील झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक, आणि २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन.

त्यांच्या गोष्टीतला एक प्रसंग विसरता येत नाही. त्यांची नार्को टेस्ट झाली. त्या गुंगीत त्यांनी म्हणे सांगितलं की नक्षलवाद्यांना बाळ ठाकरे आणि अभाविप पैसा पुरवतात. आता बोला! ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय नार्को करणं घटनाबाह्य ठरवलं, ते मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर. पण सामान्य माणसाला नार्कोचा भरवसा किती धरायचा हे समजायला ते निकालपत्र वाचण्यापेक्षा हा प्रसंग जास्त उपयोगी आहे.

दुसरं नाव अब्दुल वाहिद शेख. मुंबईतले शाळामास्तर. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली, त्या खटल्यात ते आरोपी होते. ११ सप्टेंबर २०१५ ला तेरा जणांपैकी ते एकटे निर्दोष सुटले, नऊ वर्षांनी. त्यांचं 'बेगुनाह कैदी' उर्दूत, मग हिंदी-इंग्रजीतही आलं. अटक, छळ, कबुलीजबाब, साक्षीदार या सगळ्या यंत्रणेची ती जवळजवळ पायरीपायरीने केलेली उकल आहे. त्यांनी वकिलीचंही शिक्षण घेतलं. २०२२ मध्ये त्यांच्यावर 'हीमोलिम्फ' हा सिनेमा आला.

ते कबुलीजबाबावर इतका भर का देतात? एरवी पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. मोक्कामध्ये मात्र एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली चालते. म्हणून सगळा खेळ त्या एका सहीचा. आपण ती केली नाही, असं वाहिद शेख सांगतात. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा कबुलीजबाबांतले काही भाग चक्क एकसारखे असल्याचं न्यायालयाला दिसलं. (कॉपी-पेस्ट फक्त आमच्याच धंद्यात चालतं असं नाही!) तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये धाडलं नाही. त्या बारांपैकी एक जण मात्र २०२१ सालीच नागपूरच्या जेलमध्ये कोरोनाने वारला होता. आणि ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं, हा प्रश्न तसाच उरला.

अण्यांच्या गवताकडे परत येतो. १ जुलै २०२४ पासून नवीन बीएनएसएस लागू आहे. त्याच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. पण एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ही सवलत नाही. फरेरांसारख्यावर एकामागून एक केस लागते तेव्हा काय होतं, ते इथे कळतं. सुटकेसाठी कोर्टाकडे लेखी अर्ज करायची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकावर टाकली आहे. यवतमाळच्या जिल्हा कारागृहात बसलेल्या एखाद्याला हे माहीत असेल, तर तो अधीक्षकाला निदान विचारू तरी शकतो, की साहेब, माझा अर्ज गेला का?