हाताला कळणारे भौतिकशास्त्र

कारेगावात राहून रांजणगाव एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या फिटरला विचारा, बोल्ट सुटत नसेल तर काय करायचे? तो पान्याच्या दांड्यावर पाइप चढवेल. हाताचा जोर तेवढाच, पण बोल्टपासूनचे अंतर वाढले की काम होते, हे त्याच्या खांद्याला ठाऊक असते. टॉर्कचे सूत्र पाठ असो वा नसो.

असे ज्ञान नवशिक्यांपुरते, गणित आले की ते गळून पडते, असे आपण धरून चालतो. शरीरातून होणाऱ्या आकलनाच्या अभ्यासक्षेत्रात शिरणाऱ्या वाचकाने हा ग्रह दारातच ठेवावा. आपल्या विचाराचे घटक शब्द नसून दृश्य आणि काही वेळा स्नायूंशी निगडित असतात, असे आइन्स्टाइनने गणिती आदामार यांना कळवले होते. 1907 साली बर्नच्या पेटंट कार्यालयात त्याला सुचले तेही शरीराचेच: पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. संशोधक एलिनॉर ऑक्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवले की फळ्यावरच्या आलेखावरून हात फिरवताना भौतिकशास्त्रज्ञ ‘मी’ म्हणून बोलतात. तापमान उतरते तेव्हा जणू तेच खाली उतरतात. व्याकरणाच्या दृष्टीने हे वेडगळच, पण प्रयोगशाळेत कोणालाच खटकत नाही.

2015 च्या एका अभ्यासात फिरती सायकलची चाके आसाला धरून स्वतः कलवणारे विद्यार्थी, नुसते पाहणाऱ्यांपेक्षा कोनीय संवेगाच्या चाचणीत सरस ठरले. आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शमीन पाडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना हावभावांचा पद्धतशीर वापर केला. मला हे काम फार मोलाचे वाटते. त्याला लागते ते फक्त अंग आणि अंगण.

मात्र शरीर खोटी साक्षही देते. गाडा ढकलणे सोडले की थांबतो, म्हणून गतीला सतत बल हवे, असे हात सांगतो. घर्षण त्याच्या लक्षात येत नाही. ही साक्ष खोडायला गॅलिलिओ आणि न्यूटन लागले. कोणता अनुभव वाट दाखवतो आणि कोणता चकवतो, हाच या क्षेत्राचा खरा वाद आहे, आणि तो मिटलेला नाही.

अगदी अमूर्त कल्पनेपाशीही हात उपयोगी पडतो. तळहातावर ताट आडवे ठेवून, ते न सांडता काखेखालून एक पूर्ण फेरी फिरवा: ताट जागेवर येते, हात मात्र पिळलेला राहतो. त्याच दिशेने दुसरी फेरी डोक्यावरून घ्या, पीळ सुटतो. इलेक्ट्रॉनची तरंगअवस्थाही एका फेरीनंतर चिन्ह बदलते आणि दोन फेऱ्यांनंतर, 720 अंशांनी, पूर्ववत होते.